वालाच्या शेंगांचा सांधा

मागच्या हिवाळ्यात कर्जतच्या बाजूला, नदीकाठच्या एका फार्महाऊसवर माझ्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पांढऱ्या भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, वरून दिव्यांचा झोत सोडला होता आणि प्रत्येकीच्या शेजारी एक कार्ड चिकटवलं होतं. मी चष्मा पुसून वाचलं: 'कसलंही शिक्षण न घेतलेल्या एका ग्रामीण स्त्रीची उपजत कला.' हे कोणी लिहिलं, म्हणून विचारलं, तर तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "मीच. छान आहे ना, आजी?" मी कार्ड भिंतीवरून काढलं, मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले. त्यांना वाटलं, म्हातारीचा काहीतरी गैरसमज झाला. गैरसमज कसला? उपजत म्हणजे जन्मासोबत आलेलं. भूक उपजत असते, रडणं उपजत असतं. नक्षीचा सांधा जुळवणं आईच्या पोटातून घेऊन कुणी येत नाही. मला ते एका बाईंनी शिकवलं, तीन वर्षं, हाताला धरून, कान पिरगाळून. त्या बाईंना एका कार्डाने पुसून टाकलं, आणि पुसणाऱ्याला वाटतं आपण माझं कौतुक केलं! त्या संतापातच हे प्रकरण लिहायला बसले आहे. राग उतरायची वाट बघितली असती तर काहीच लिहून झालं नसतं.

आमचं गाव खोपोलीच्या अलीकडे, भातशेतांच्या मधोमध. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर होते, त्यामुळे घरातलं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. सकाळचा भोंगा झाला की आई चुलीवर तवा टाकायची, दुपारच्या भोंग्याला भात उतरलेला असायचा. दोन भोंग्यांच्या मधली शांतता घाट चढणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या तोडत. तांदळाची भाकरी थापताना आईच्या बांगड्या एका ठेक्यात वाजत, आणि त्या ठेक्यावरून मला बाहेर पडवीत बसून कळायचं की आज ती चिडलेली आहे की बरी आहे. पहिली भाकरी दादाची. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ बाळकृष्ण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. भाकरीचा पापुद्रा टम्म फुगला की ती दादाच्या ताटात, कुठं करपली, चिरली की माझ्या. याचं तेव्हा मला काही वाटत नव्हतं. आता वाटतं. सत्तरीत माणसाला भाकरीचाही राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

भात कापला की आमच्याकडे त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत सगळं शिवार वालाचं. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल सोलायला आई मला पुढ्यात बसवायची. साल निघाली की आतली डाळिंबी बोटातून सटकून परातीत पडायची. बिरड्याचा तो कडवट वास माझ्या बोटांना कायम असायचा. शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर पोपटी लागायची: मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, आणि वरून जाळ. शेंग तोंडात धरून दाणे ओढून खायच्या आधी मी ती उलटीसुलटी करून बघत बसायची. एकही शेंग दुसरीसारखी नसायची. कुणाची पाठ बाकदार, कुणाचं नाक वर, एखादीला किडीचं भोक. दादा म्हणायचा, "खाती का तिची पूजा करती गं?"

आठवीत असताना शाळेत चित्रकलेला टिपणीस बाई आल्या. किडकिडीत, सुती पातळ, नखांच्या कडेला कायम निळा रंग. मुंबईच्या एका कलाशाळेत कापडावरच्या नक्षीचं शिक्षण त्यांनी पुरं केलं होतं, पुढं एका गिरणीत नक्षी काढायच्या खात्यात होत्या, आणि तिथून भांडून बाहेर पडल्या होत्या. भांडण कशाचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आता मला अंदाज आहे. गावाला मात्र एवढंच दिसलं की बाई चाळिशीची आणि बिनलग्नाची. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला संकल्पचित्राचा, म्हणजे नक्षीचा, पेपर असतो. इतर शाळांत मुलं चौकोनात फूल काढून चारी कोपऱ्यांत तेच फूल बसवत आणि मोकळी होत. बाईंनी आमचं ते पहिल्याच आठवड्यात बंद केलं.

मी वालाचा वेल काढला होता. आठ दिवस खपून. पानांच्या शिरांसकट, शेंगांसकट, आणि तिसऱ्या शेंगेवर किडीचं भोकसुद्धा. बाईंनी कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"छान आहे. आता कात्री घे."

"कशाला, बाई?"

"मधोमध काप. वरपासून खालपर्यंत."

"बाई, वाया जाईल."

"काप म्हणते ना."

माझ्या हाताने होईना तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून कात्री चालवली. मग डावा तुकडा उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. चित्राच्या ज्या दोन कडा बाहेर होत्या त्या आता मधे येऊन एकमेकींना भिडल्या, आणि तिथं सगळा गोंधळ दिसायला लागला. वेलाचा तणावा, तो आधार शोधणारा कोवळा तंतू, अर्ध्यात तुटलेला, अर्धं पान हवेत, मधे ओसाड पांढरी जागा. "आता या जागेत असं काढ की इथं जोड आहे हे कुणाला शोधून सापडणार नाही," बाई म्हणाल्या. "मग आडवं कापायचं, वरचं खाली, खालचं वर, आणि पुन्हा तेच. एवढं झालं की हा तुकडा शंभर वेळा शेजारी शेजारी ठेव, वेल कुठंच तुटणार नाही. चित्राला कडा असते. नक्षीला ठेवायची नसते." मी रडत होते. घरी जाऊन आईला सांगितलं, बाईंनी माझं चित्र कापलं. आई म्हणाली, "मंग जाऊ नको." दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास आधी गेले.

तीन वर्षं हे चाललं. दर रविवारी बाईंच्या खोलीवर, जमिनीवर बसून. चौकटींचा कागद, शाईची दौत, आणि बोटं वळेनाशी होईपर्यंत एकच वळण. ओळीखाली ओळ सरळ न लावता अर्ध्या पायरीने बाजूला सरकवायची, भिंतीतल्या विटांसारखी, म्हणजे डोळा अडत नाही. रिकामी जागा सुद्धा मोजून ठेवायची. मॅट्रिक झाले तेव्हा माझ्याकडे चाळीस कागद तयार होते, त्यांत तो वालाचा वेलही. बाईंनी मुंबईच्या कलाशाळेचा अर्ज आणला, स्वतः भरला, बाबांची सही घेतली. दादा तेव्हा मुंबईच्या पलीकडे कापड छापण्याच्या एका लहानशा कारखान्यात कामाला लागला होता, शनिवारी घरी यायचा. अर्ज आणि कागदांची गुंडाळी त्याच्याकडे दिली. वाटेतच तर आहे शाळा, तो म्हणाला. आईने गुंडाळीला जुन्या साडीचा काठ बांधला.

पुढच्या शनिवारी दादा आला, पाय धुतले, चहा प्याला आणि मग म्हणाला, "नाय घेतलं. काम कच्चं हाय म्हनाले."

"कागद?"

"ठिवून घेतले तितंच. परत देत नाय म्हनं."

बाईंनाही मी तेच सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कागद परत न देण्याची पद्धत नाही तिथं," त्या म्हणाल्या. "मी चौकशी करते." मी म्हटलं, नको, बाई. मला लाज वाटत होती. कच्चं! हा शब्द मी उरावर घेऊन फिरत होते. विहिरीवर, शेतात, परातीपुढे बसून वाल सोलताना. चार महिने हातात पेन्सिल धरली नाही. आजही कुणी माझ्या कामाला नावं ठेवली तर मी भांडते, पण कुणी 'कच्चं' म्हटलं तर आधी काम पदराखाली झाकते, आणि मग मला दुप्पट राग येतो, त्या माणसाचा आणि माझाही.

दसऱ्याच्या आधी आईबरोबर खोपोलीच्या बाजारात गेले होते. गादीला खोळ शिवायची होती. दुकानदाराने नवीन माल म्हणून एक गठ्ठा फळीवर उलगडला आणि माझ्यासमोर माझा वेल पसरला. हिरवट पिवळ्या कापडावर तपकिरी रंगात. आधी वाटलं, वालाचा वेल कुणीही काढेल. मग मी तिसरी शेंग शोधली. तिच्यावर किडीचं भोक होतं. पुढच्या तिसऱ्या शेंगेवर होतं. त्याच्या पुढच्याही. सगळ्या गठ्ठ्यावर माझी कीड पसरली होती.

खरं सांगायचं तर चोरीच्या आधी मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप आला. सांधा बिघडवला होता. ज्याने कुणी छापलं त्याने कागदाची कड दोन बोटं खाऊन टाकली होती आणि ओळी अर्ध्या पायरीने न सरकवता सरळ खाली खाली लावल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक चौकोनाच्या टोकाला तणावा तुटून लोंबत होता, मुंडी पिरगाळलेल्या कोंबडीसारखा. कुणीही बघून म्हणालं असतं, हे काम कच्चं आहे. आणि ते माझं होतं!

"पाच वार द्या," आई म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती कापडाकडे बघत होती.

रविवारी दुपारी दादा आणि बाबा जेवायला बसले होते. चिंबोऱ्यांचं कालवण होतं. मी कापडाची घडी दादाच्या ताटाशेजारी ठेवली.

"दादा, ही नक्षी कुनाची?"

"कापडवाल्याची. मला काय इचारती?"

"माझी हाय."

"वालाच्या शेंगा काय तू जल्माला घातल्या?"

"तिसऱ्या शेंगेला कीड हाय. ती मी काढली. दर तिसऱ्या शेंगेला कीड लागती का रं कुटं? बघ."

त्याने बघितलं नाही. चिंबोरीची नांगी दातांखाली फोडली, चोखली आणि बाजूला ठेवली. "बरं मंग? घरातलीच वस्तू घरच्यानं वापरली. बाहेर नाय गेली."

"तू शाळेत गेलाच नाय?"

"येळ कुटं व्हता? मालकाला नवीन काय तरी पायजे व्हतं. मी दावलं, त्याला आवडलं. त्या कागदांवर मला वरची जागा भेटली. तुला आनंद नाय व्हत?"

"तू मला कच्चं म्हनलास."

इथे तो पहिल्यांदा अडखळला. "मंग काय सांगायचं व्हतं तुला?"

बाबा म्हणाले, "आवाज खाली. मानूस जेवतोय." मी आईकडे वळले. "आये, तुला म्हाईत व्हतं?" आईने माझ्या ताटात भात वाढला. "भात घे," म्हणाली. तेवढ्यावर मला सगळं उत्तर मिळालं. मी ताट तसंच ठेवून उठले. पडवीत आले, तर मागून दादा बाबांना सांगत होता की मालक चांगला माणूस आहे, त्याला आणखी नक्ष्या हव्या आहेत.

आणि खरोखर, पुढच्या रविवारी दादा माझ्यासाठी रंगांची पेटी घेऊन आला. बारा रंग, दोन ब्रश, मी आयुष्यात तोवर न बघितलेले. तो माझ्याशी इतक्या गोडीने कधी बोलला नव्हता. "आजून दहा कागद काढून दे. करटुली काढ, शेवळं काढ, कुटली बी रानभाजी काढ, तुला पायजे ते काढ." बाबांनी खाटेवरून मान वर केली. "दे काढून. पुढल्या साली तुला मुंबईला धाडतो. माजा शब्द हाय."

बाबा दिलेला शब्द मोडत नसत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी थांबले. रंगांच्या पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मालकाला माझं नाव सांगशील? नक्षी माझ्या बहिनीची हाय, म्हनून?"

दादा हसला. "आन् माजी जागा? कापडावर कुनाचं नाव आसतं का गं, येडे?"

"मंग नाय काढायची."

"परत इचार कर," बाबा म्हणाले.

"नाय."

"मंग बस घरात."

मी घरात बसले. हे सांगताना माझ्यातली म्हातारी माझ्या अंगावर धावून येते. कुणी म्हणतं, बाणेदार मुलगी होतीस. मला नेहमी तसं वाटत नाही. काही दिवस असे जातात की वाटतं, काढायचे होते दहा कागद, जायचं होतं मुंबईला, शिकून यायचं होतं आणि मग थोबाडीत मारायची होती. सतरा वर्षांच्या पोरीपुढे दोनच रस्ते ठेवले होते, आणि दोन्हींवर तिचं काहीतरी काढूनच घेणार होते. तिने एक निवडला तर त्याला बाणेदारपणा म्हणून गौरवायचं, म्हणजे तो रस्ता तिच्यापुढे ठेवणारे सुटले! मी त्यांना सोडत नाही. बाबा गेले, दादा गेला. तरीही नाही.

बाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या उठल्या, चपला घातल्या आणि दोन मैल चालत आमच्या घरी आल्या. बाबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. पडवीच्या पायरीखाली उभ्या राहून त्या बोलत होत्या, चाळीस कागदांबद्दल, चोरीबद्दल, मुलीच्या हाताबद्दल. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाय, तुमी शाळेत शिकवा. आमच्या घरातलं आमी बघू." जाताना बाई फाटकापाशी मला एवढंच म्हणाल्या, "कात्री आहे ना घरात?" मला अर्थ कळला नाही. दोन दिवस लागले कळायला.

खोळीचं कापड अजून शिवलं नव्हतं. आई शेतावर गेल्यावर मी ते पडवीत अंथरलं आणि कापायला घेतलं. प्रत्येक चौकोन सुटा केला. कोरं करकरीत पाच वार कापड! आई परतली, भारा खाली ठेवला, तुकड्यांच्या राशीकडे बघितलं आणि आत गेली. मी बाईंनी शिकवलं तसं केलं. डावं उजवीकडे, वरचं खाली, ओळीखाली ओळ अर्ध्या पायरीने. छापणाऱ्याने खाल्लेली दोन बोटं बाबांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या लावून भरून काढली आणि त्या पट्ट्यांवर तुटलेला तणावा तपकिरी दोऱ्याने, धावत्या टाक्यांनी पुढं नेला, समोरच्या तणाव्यात नेऊन सोडला. रोज दुपारी, दोन भोंग्यांच्या मधे. भाताची कापणी सुरू झाली, संपली, नवा वाल फुलावर आला. माझी पहिली गोधडी झाली. पुढच्या पन्नास वर्षांत मी जे काही केलं, लग्न होऊन कर्जतला आल्यावर, मुलं पाठीला लागलेली असताना, चिंध्यांमधून, शिंप्याच्या उरलेल्या तुकड्यांमधून, ते सगळं म्हणजे त्या एका गोधडीचंच काम पुढं चालू आहे. दुसऱ्याने तोडलेलं घ्यायचं आणि सांधा असा जुळवायचा की शोधून सापडू नये.

उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. निघण्याआधी मी गोधडी घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. सामान बांधलेलं होतं. त्यांनी गोधडी जमिनीवर अंथरली, गुडघे टेकले आणि तणाव्यावर बोट ठेवून एका टोकापासून चालत सुटल्या. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, पट्टीवरून कापडावर, कापडावरून पट्टीवर. खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट थांबलं. "इथं तुटलाय," त्या म्हणाल्या. एवढंच. शाबास नाही, काही नाही. इतकी चिडले मी! गोधडी गुंडाळून तशीच निघाले, वाटभर त्यांना मनात शिव्या घातल्या. घरी येऊन उजेडात बघितलं. तुटला होता. उसवला, पुन्हा घातला, पुन्हा उसवला. चौथ्या वेळेला जुळला. तो दाखवायला गेले तर खोलीला कुलूप होतं.

इकडे दादा माझेच जुने कागद उलटसुलट करून मालकाला देत राहिला. ते संपल्यावर मालकाने त्याला काढून टाकलं. बाबांनी खटपट करून त्याला खोपोलीत चिकटवलं. पण घरात, भावकीत, पुढं त्याच्या सासरीही एकच बोललं गेलं, बहिणीने भावाचा घास काढला. हे मी पुढं अनेक वर्षं ऐकलं. लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं. उत्तर दिलं नाही असं नाही. प्रत्येक वेळी दिलं. म्हणून मला भांडखोर म्हणतात.

दादा काम सुटून घरी आला त्याच आठवड्यात एका दुपारी आई पडवीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हातात दोन लुगडी होती. एक हिरवं, एक तिच्या लग्नातलं लाल. विरलेली नव्हती, सणाला नेसायची लुगडी.

"दुकानात मी वळखलं व्हतं," ती म्हणाली. "भोकावरनं. म्हनून पाच वार घेतलं. तुजं हाय, घरात आसावं."

"तवा का नाय बोललीस?"

तिने लुगडी माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. काप."

मी तिला माफ केलं नाही. लुगडी मात्र घेतली.